हौदातलं वाजवणं

मिस्त्री मोजत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम चिकलठाण्याच्या त्या भागात सगळ्यांना माहीत होता. ते मोटरी भरायचे. म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. एका हातात तार, दुसऱ्या हातात मशीनचा दांडा आणि ओठांतल्या ओठांत आकडे. अशा वेळी कोणी आलं तर वर न बघता डाव्या पायानं स्टूल पुढं सरकवायचे. आलेल्यानं मुकाट्यानं बसायचं. एकदा एक नवखं गिऱ्हाईक बसलं नाही. "किती येळ लागंल?" असं दोनदा विचारलं. मिस्त्री थांबले, साडेतीनशेपर्यंत आलेले वेढे उलटे सोडले आणि पुन्हा 'एक'पासून सुरुवात केली. "अंदाजानं भरलेली मोटर अंदाजानंच चालती," असं ते म्हणायचे.

हा माणूस शहरातला सर्वांत चांगला गिटारवाला होता असं माझं मत आहे, आणि या मतावर माझ्याशी वाद घालू शकतील अशी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा आम्ही दोघं एका ऑर्केस्ट्रात होतो. मी बास गिटार वाजवायचो. दिवसा सरकारी कचेरीत कारकून होतो, म्हणून मिस्त्री मला भाऊसाहेब म्हणायचे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि कारकुनी. बास गिटार माझ्यापासून सुरू झालं आणि माझ्यापाशीच संपणार, हे मी केव्हाच ओळखलं आहे.

ऑर्केस्ट्रात एकच गोष्ट लागायची. हुबेहूब वाजवायचं. मिस्त्री त्यात इतके पक्के होते की भीती वाटावी. लासूर स्टेशन हे त्यांचं गाव. तिथं गणपतीत आमचा कार्यक्रम होता. एका गाजलेल्या गाण्यात मधे गिटारचा लांबलचक तुकडा होता. तो वाजवताना मिस्त्रींचा सूर मधेच एकदा खाली लोंबला आणि परत वर आला. मला वाटलं, तार सुटली. कार्यक्रमानंतर विचारलं तर म्हणाले, "कॅसेटमधी तसंच हाय." मी घरी येऊन माझी कॅसेट लावली. तसं काही नव्हतं. त्यांच्या कॅसेटची टेप त्या जागी ताणली गेली होती, आणि त्यांनी टेपचा दोषही पाठ केला होता. मी हे सांगितल्यावर त्यांनी आपली कॅसेट डबीत घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी तेवढंच माझं झालं की, भाऊसाहेब." मी हसलो. ते हसले नव्हते, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी आठवलं.

डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. मिस्त्री दुकानात गेले, मी कचेरीत राहिलो. आमचे ड्रमवाले चाचा मूळचे लग्नाच्या बँडमधले. त्यांना वरातीपुढं वाजवायची सवय. ते आपल्या मुलाच्या किराणा दुकानात बसायला लागले आणि तेलाच्या डब्यावर ठेका धरून मुलाला वैताग आणायला लागले. अशी दहाएक वर्षं गेली असतील. एके दिवशी मिस्त्रींचा फोन आला, "या. चाचांना घिऊन या."

त्यांच्या पुण्याच्या मुलीनं त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली होती. कुठल्यातरी परदेशी वाळवंटात तीन माणसं उभी. एक गिटार, एक बास, एक ड्रम. गाणारं कोणी नाही. आजूबाजूला वाळू, लांबवर डोंगर, आणि ते आपले जड, संथ, धुळीनं माखल्यासारखं काहीतरी वाजवतायत. तिघंही वयस्क, दाढ्या पिकलेल्या. त्याला डेझर्ट रॉक म्हणतात, असं मुलीनं खाली लिहिलं होतं. मिस्त्रींनी ती चित्रफीत आम्हाला तीनदा दाखवली. मग कोपऱ्यात दिसणाऱ्या एका पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "जनरेटर लई चांगला हाय."

चाचा म्हणाले, "मिस्त्रीभाई, अच्छा है, मगर इसपे नाचेंगा कौन?"

"कोणी नाय नाचायचं."

"तो फिर बजाना कायकू?"

 मिस्त्री गिटारच्या पोटातलं काहीतरी उघडून बसले होते. तारेचा आवाज पकडणारी जी छोटी गुंडाळी गिटारमधे असते, ती त्यांनी स्वतः भरली. केसासारखी बारीक तार, हजारो वेढे, सगळे मोजून. त्या तीन दिवसांत त्यांच्या बायकोनंही त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

ती गिटार लावायची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. सूर ते पेटीवरून घेत नसत, डीपीवरून घेत. दुकानाच्या मागं ट्रान्सफॉर्मर होता, तो दिवसभर घुमायचा. मिस्त्री त्याच्या कुंपणाशी गिटार घेऊन उभे राहायचे आणि सगळ्यांत जाड तार त्या घुमण्याला मिळेपर्यंत सैल करायचे. तार इतकी सैल व्हायची की लाकडावर आपटायची. चाचा विचारायचे, "ये गिटार का तार है के कपडे सुकाने की रस्सी?" मिस्त्री म्हणायचे, "साऱ्या गावात ह्योच एक सूर घरोघर जातो, चाचा. पंख्यात हाय, फ्रीजमधी हाय. आपन येगळा कशाला लावायचा?"

ते वर्ष दुष्काळाचं होतं, सलग दुसरं. जायकवाडीत गाळाला भेगा पडल्या होत्या. दुष्काळात मोटरी जास्त जळतात, हे मला मिस्त्रींच्या दुकानात बसून कळलं. खालचं पाणी आटतं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. दुकानाबाहेर मोटरींची रांग लागायची. दुसरा कोणी असता तर त्या दोन वर्षांत माडी बांधून मोकळा झाला असता. मिस्त्री मोटर तपासायचे, बोअरची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "मोटरीत दोष नाय. खाली पाणी नाय. भरून दिली तर पुन्हा जळंल. घिऊन जा." शेजारचा वेल्डर कपाळावर हात मारायचा. पण मोटरीच्या बाबतीत मिस्त्री कधी खोटं बोलले नाहीत. एकदा सोडून, आणि मला सांगायचं आहे ते त्याच एकदाचं.

चिकलठाण्याच्या पुढं, जिथं मी नोकरीला लागलो तेव्हा बाजरी डोलायची, तिथं चार-चार मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या. माणसं राहायला आली होती, पाणी आलं नव्हतं. टँकर यायचा, लोक निळे ड्रम भरून घ्यायचे. इमारतींच्या मधे जमिनीखाली एक मोठा हौद बांधलेला होता, पण त्यात पाण्याचा थेंब कधी पडला नव्हता. वरचा स्लॅबही अर्धाच घातलेला. मिस्त्री तिथं वायरिंगच्या कामाला गेले असताना त्यांच्या हातातला पाना हौदात पडला. त्याचा आवाज हौदात फिरला, परत आला, पुन्हा फिरला. मिस्त्री शिडी लावून खाली उतरले आणि अर्धा तास वर आलेच नाहीत.

त्या वसाहतीचा कारभार एका बाईंकडं होता. एसटीत कंडक्टर होत्या. आवाज खणखणीत, बोलणं तोडून. सगळे त्यांना ताई म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. मिस्त्रींनी हौदात वाजवायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हौदात?"

"व्हय."

"रिकामाच हाय. वाजवा. पण फकस्त रविवारी, तीन ते पाच. लेकरांच्या परीक्षा हायत."

मग दर रविवारी आम्ही तिघं म्हातारे, मी त्यात सर्वांत लहान म्हणजे अठ्ठावन्नचा, दोरांनी ड्रम आणि स्पीकर खाली सोडायचो. वर ऊन मी म्हणत असायचं. खाली गारवा होता, कोऱ्या सिमेंटचा वास होता. पहिल्या दिवशी आम्ही नेहमीच्या चालीनं सुरुवात केली आणि नुसता गोंधळ झाला. एक सूर विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडायचा. चाचांनी एकदा ड्रमवर काठी मारली आणि आवाज पूर्ण फिरून येईपर्यंत थांबले. मग दुसरी मारली. मिस्त्रींचे डोळे चमकले. "हां. हौद सांगंल तशी चाल," ते म्हणाले. आमचं वाजवणं संथ झालं ते त्या हौदामुळं. वाळवंटाचा त्यात काही हात नव्हता.

त्यातून हळूहळू एक वाजवणं तयार झालं. त्याला नाव नव्हतं. मिस्त्री सगळ्यांत खालच्या तारेवर घुमत राहायचे, मग चार सुरांचा एक तुकडा यायचा, तोच परत परत, दर वेळी थोडा जड. मी खालून त्याला धरून ठेवायचो. मग तो चढायला लागायचा. हौदाच्या भिंती थरथरायच्या. आता तार तुटणार असं वाटेपर्यंत वर गेल्यावर मिस्त्री तारांवर पंजा ठेवायचे.

"बस."

दर रविवारी तिथंच. दोन महिने झाले तरी तिथंच. शेवटी चाचा चिडले, "मिस्त्रीभाई, बारात दरवाजे तक ले जाते और वापस कायकू घुमाते?"

मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले. "चाळीस वर्सं दुसऱ्याचं वाजवलं. त्येचा शेवट आदीच ठरलेला असतो. हितं आलं की हात इचारतो, आता कुठं? मला ठावं नाय. पन जे काय हाय ते ह्याच हौदात हाय. दुसरीकडं सापडायचं नाय." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एकदा तरी पुरं करायचं हाय, भाऊसाहेब. माझं म्हनून एवढंच."

मला त्यांची ती ताणलेली कॅसेट आठवली. माझ्या मनात तेव्हापासून दुसरं काही राहिलं नाही.

नेमकी त्याच सुमारास वसाहतीला नळाची लाइन मिळाली. आठ दिवसांतून एकदा, पाऊण तास पाणी. ते येणार रस्त्याच्या कडेला, उतारावर. तिथून वर हौदापर्यंत चढण्याइतका जोर त्याला नव्हता. म्हणून लोकांनी रस्त्यालगत खड्डा घेतला. खड्ड्यात नळ, आणि खड्ड्यातलं पाणी मोटरीनं उचलून हौदात टाकायचं. वसाहतीकडं एक जुनी जळालेली मोटर पडून होती. ती ताईंनी स्वतः रिक्षात घालून मिस्त्रींकडं आणली. "सोमवारी पहिलं पाणी यायचं हाय. शनवारी बसवून द्या. हौद धुऊन झाकून घेऊ." दोन वर्षं टँकरमागं धावलेली बाई. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

मिस्त्रींनी मोटर दोन दिवसांत भरली. वार्निश मारलं, वाळवलं, गुरुवारी माझ्यासमोर चालवून पाहिली. इतकी गुळगुळीत चालत होती की मीही कान देऊन उभा राहिलो. शुक्रवारी ताईंचा फोन आला तेव्हाही मी दुकानातच होतो.

"वार्निश वलं हाय, ताई," मिस्त्री म्हणाले. "सोमवारी सकाळी बसवतो. पानी यायच्या आत."

फोन ठेवून ते माझ्याकडं न बघता मशीनशी जाऊन बसले आणि मोजायला लागले. मशीनवर तार नव्हती. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण मलाही तो रविवार हवा होता. त्या खोट्यात अर्धा वाटा माझा आहे.

त्या रविवारी आम्ही कधी नव्हे इतके जवळ गेलो. चाचांच्या काठीत वरातीचा जोर आला होता. मिस्त्री अनवाणी उभे होते, डोळे मिटलेले. ती जागा आली, आणि मला वाटलं, आज जाणार. त्यांनी तारांवर पंजा ठेवला.

आवाज विरत गेला आणि त्याच्या मागून वरचा आवाज ऐकू आला. बादल्यांच्या कड्या, धावणारे पाय, बायकांच्या हाका.

आम्ही शिडीवरून वर आलो. पाणी एक दिवस आधीच आलं होतं. खड्डा भरून वाहत होता. लोक बादल्या, पातेली, कुकरची भांडी, हाताला लागेल ते घेऊन धावत होते. ताई खड्ड्यात मांडीभर पाण्यात उभ्या राहून बादल्या वर देत होत्या. बादलीत मावेल त्याच्या दसपट पाणी उतारावरून रस्त्याकडं चाललं होतं, आणि त्या रस्त्यावरची धूळ ते पिऊन टाकत होती. ताईंनी आम्हाला पाहिलं. "हाका मारू मारू घसा बसला," एवढंच म्हणाल्या.

मिस्त्री अनवाणीच पळाले. वीस मिनिटांत रिक्षातून मोटर मांडीवर घेऊन परत आले, तोवर नळाची धार करंगळीएवढी झाली होती. मग तीही थांबली. ताईंनी मोटरीच्या अंगावरून ओला हात फिरवला.

"ही तर खडखडीत वाळलेली हाय."

"गुरवारीच वाळली व्हती," मिस्त्री म्हणाले.

"मंग?"

"खोटं बोललो, ताई. मोटर बसली असती तर हौद बंद झाला असता. आमचं एक वाजवायचं ऱ्हायलं व्हतं."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. कोणीतरी एक जण अंगावर यायला निघालाही. चाचा 'तौबा' म्हणून तिथंच दगडावर बसले. ताई खड्ड्यातून वर आल्या, साडीचा पदर पिळला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता आठ दिवस," त्या म्हणाल्या आणि जिना चढून निघून गेल्या.

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी मोटर बसवली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी स्कूटरवर दोन कॅन लटकवून घरचं पाणी वसाहतीत न्यायला लागले. एवढ्या माणसांत दोन कॅन म्हणजे काहीच नाही, हे त्यांनाही कळत होतं. ताईंच्या दाराशी ठेवायचे आणि परत फिरायचे. ताई दार उघडत नसत, पण तिसऱ्या दिवसापासून कालचे कॅन रिकामे करून बाहेर ठेवलेले असायचे. कॅन रिकामे मिळतायत म्हणजे बोलणं अगदीच बंद नाही, असं मिस्त्री मला समजावत होते. खरं तर ते स्वतःला समजावत होते.

शनिवारी दुपारी आम्ही हौदातून सामान काढायला गेलो. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. मी दोर बांधत होतो, तेवढ्यात वर स्लॅबच्या कडेला ताई दिसल्या. ड्यूटीवरून आल्या होत्या, अंगावर खाकी, खांद्याला चामडी बॅग.

"काढता कुठं? आठ दिवस आम्ही कशापायी कोरडे बसलो, ते ऐकू द्या की."

"नको ताई. लाज वाटती."

"वाटू द्या. वाजवा."

बघता बघता माणसं जमली. अर्ध्या स्लॅबच्या कडेवर पाय खाली सोडून बसली. ज्याला त्या दिवशी अंगावर यायचं होतं, तोही होता. मिस्त्रींनी चपला काढल्या. गिटारचा पट्टा तीनदा सोडून पुन्हा लावला. चाळीस वर्षं हजारोंपुढं वाजवलेला माणूस, पण तेव्हा वाजवणं दुसऱ्याचं होतं.

खालची तार घुमली. चार सूर आले, परत आले. चाचा, मी, हौद, सगळे आपापल्या जागी होतो. ते चढत गेलं, आणि ती जागा आली. मिस्त्रींचा पंजा तारांवर पडला.

वरून ताईंचा आवाज आला, "थांबलात कशाला? पुढं वाजवा."

मिस्त्रींनी वर पाहिलं. मग हात उचलला आणि पुढं वाजवलं.

काय वाजवलं ते मला सांगता येत नाही. मी बास सोडून दिलं होतं, चाचांनी काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. वर चढलेलं ते सगळं मिस्त्री एकेक सूर सोडत खाली आणत होते, वेढे उलटे सोडावेत तसे, एकही न चुकवता. शेवटी ती एकच खालची तार उरली. या वेळी त्यांनी ती पंजानं दाबली नाही. वाजू दिली. ती हौदात फिरत राहिली, बारीक होत गेली, आणि कधी संपली ते कळलं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चाचांच्याही आलं होतं, पण ते धुळीला दोष देत होते.

"बरं व्हतं," ताई म्हणाल्या. "आता सामान काढा. हौद धुवायचाय."

मिस्त्री हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. हौद त्यांनीच झाडला, आम्ही दोघांनी फडकी मारली. शिडी वर घ्यायच्या आधी ते एकदा खाली एकटे थांबले, मग वर आले. दुसऱ्या दिवशी मोटर पाऊण तास चालली आणि हौद पहिल्यांदा ओला झाला.

पुढं एका कॉलेजच्या पोरांनी आम्हाला वाजवायला बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "ते पान्याखाली हाय." वसाहतीतल्या कोणीतरी त्या दिवशीचं मोबाइलवर उतरवून घेतलं होतं. मिस्त्रींनी ते कानाला लावून ऐकलं. त्यात हौद नव्हता, नुसती घरघर होती. "बेअरिंग गेलंय ह्येचं," म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला.

हौद दर उन्हाळ्यात एकदा रिकामा करून धुतात. पहिल्या वर्षी ताईंनी मिस्त्रींना फोन केला, दोन तास रिकामा राहील म्हणून. ते गेले, पण गिटार न्यायची सोडून झाडू घेऊन गेले. नंतरही दर वर्षी तसंच. मिस्त्री गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मोटर चालू आहे. ताई सांगतात, एकदाही जळली नाही.

आता ताई मला फोन करतात. "भाऊसाहेब, उद्या हौद धुनार हाओत." मी बास घेतो, चाचा एक ड्रम घेतात, त्यांचा मुलगा आम्हाला हाताला धरून शिडीवरून उतरवतो. ते चार सूर मी माझ्या जाड तारांवर काढतो. चढत चढत आम्ही त्या जागेपर्यंत जातो आणि थांबतो.

"थांबलात कशाला?" ताई वरून म्हणतात. "पुढं वाजवा."

चाचा माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघतो. पुढचं आम्हाला येत नाही. मग मी बास भिंतीला टेकवून ठेवतो, आणि आम्ही झाडू हातात घेतो.